पापलेटांखालची कुपी

मंगळवार, संध्याकाळ

आज भर बाजारात आईवर ओरडले, आणि चूक तिची नव्हतीच.

प्रयोगशाळेतला फ्रीझर काल बंद पडला, म्हणून न्यूक्लिओटाइडची इवलीशी कुपी मी घरच्या फ्रीझरमध्ये आणून ठेवली. डीएनएच्या नकला काढायला लागणारा कच्चा माल तो. बिघडला तर तपासणी बंद. आणि एका तळेवाल्यानं पाळलेली कोळंबी आजारी आहे का, ते आजच सांगायचं होतं. आईला बजावलं होतं, "ही वितळता कामा नये."

दुपारी घ्यायला आले तर वीज सकाळपासून नाही, फ्रीझर गळतोय, कुपी गायब! तशीच धावत रेवदंड्याच्या बाजारात गेले. आई पापलेटं विकत बसलेली.

"माझी कुपी कुठाय?" केवढ्यांदा किंचाळले मी!

तिनं शांतपणे पापलेटांखाली हात घातला. पिशवीत बांधलेली, दगडासारखी गोठलेली कुपी बाहेर आली.

"लाईट गेली म्हणून आणली. बर्फात खडेमीठ घातलंय, त्यानं लई गार ऱ्हातं. जन्म गेला माझा बर्फात, मला शिकवतेस?"

समोरचं गिऱ्हाईक म्हणालं, "मावशी, हे कसं दिलं?"

"इकायचं न्हाय. पोरीचं हाय."

तपासणी झाली. कोळंबी निरोगी. पण नोंदवहीत 'साठवण कुठे' या रकान्यात काय लिहू? पापलेटांखाली? आणि माफी कशी मागू? मघाशी सुरुवात केली, तर आई म्हणाली, "ते ऱ्हाऊ दे. कोळंबी चांगली हाय ना? मग त्या तळेवाल्याला इचार, उद्या मला इकायला किती देतो."