तुटक्या टोकाचं डाळिंब

२ मार्च

पोचले एकदाची! खोली झकास आहे. खिडकी मोठी, टेबल त्याहून मोठं, पलंग इतका उंच की चढायला स्टूल लागतं. दार मालकीणबाईंनी स्वतः उघडलं. त्यांचे यजमान जन्मभर जुनी फ्रेंच पुस्तकं जमवत राहिले. आत काय लिहिलंय याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं, वेड होतं ते बांधणीचं. लाल कातडं आणि त्यावर सोन्याच्या वर्खाची नक्षी. आता ते गेले, आणि त्यांच्या आठवणीखातर बाईंना या संग्रहावर एक देखणा ग्रंथ छापायचाय. कोणतं पुस्तक कुणी बांधलं, हे ठरवायला मी. बाई म्हणाल्या, ह्यांनी मला कधी त्या खोलीत केरसुद्धा काढू दिला नाही, तुम्ही बसा खुशाल. आणि किल्लीच हातात दिली.

याआधी या पुस्तकांचा निवाडा सरांनी केला होता. माझे सर. माझं सगळं संशोधन ज्यांनी स्वतःच्या नावावर छापलं आणि आभाराच्या पानावर मला ‘इतर सहकारी’ म्हणून चिकटवलं, ते. आईने फोनवर बजावलं, कामाशी काम ठेव, गाडलेली मढी उकरू नकोस. मी हो म्हटलं. उकरायलाच आलेय, हे तिला कशाला सांगू?

४ मार्च

कामाला लागले. आमचं काम पोलिसांसारखं, फक्त बोटांच्या ठशांऐवजी पितळेचे ठसे. कारागीर पितळी ठसा तापवायचा आणि आधी ओल्या स्पंजावर टेकवायचा. चर्र आवाज आला की समजायचं, अजून फार गरम आहे, कातडं जळेल. आवाज थांबला की ठसा तयार. मग वर्खावर दाबायचा. प्रत्येक ठसा हाताने कोरलेला, त्यामुळे प्रत्येकात काही ना काही खोड असतेच. मी नक्षीवर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासते, छाप उतरवते आणि भिंगाखाली एकीशी दुसरी जुळवते.

इथल्या बऱ्याच पुस्तकांच्या कोपऱ्यांत एक छोटं डाळिंब आहे. त्याच्या मुकुटाचं मधलं टोक तुटलंय. सरांचा निवाडा असा की हे त्या काळच्या नामांकित उस्तादाचंच डाळिंब, वापरून वापरून झिजलेलं. उस्तादाचं नाव घेतलं की पुढे कुणी प्रश्न विचारत नाही.

७ मार्च

सापडलं! उस्तादाची सही असलेलं पुस्तक तुटक्या डाळिंबाच्या पुस्तकांहून बऱ्याच नंतरच्या सालातलं आहे, आणि त्याच्यावरचं डाळिंब अख्खं आहे. म्हणजे आधी तुटकं आणि मग धड? पितळेला काय पुन्हा दात येतात? ठसे दोन, माणसं दोन. शिवाय तुटक्या डाळिंबाची प्रत्येक छाप डाव्या बाजूला किंचित जास्त खोल आहे. डावरा हात. आणि काय हात! उस्तादाने त्याच्यापुढे पाणी भरावं. त्याच्याच कारखान्यात राबणारा कुणीतरी असणार, ज्याच्या कामावर मालकाचं नाव चढलं.

मला एकदम रडूच आलं. पुस्तकावर हात ठेवून मी मोठ्याने म्हटलं की तुझं नाव मी लावून देईन, माझंही असंच झालंय.

९ मार्च

दुपारी जेवून परत येत होते. पुस्तकांच्या खोलीला मीच कुलूप लावलं होतं, आणि आतून चर्र असा आवाज आला. उघडलं तर कुणी नाही. तापल्या पितळेचा वास मात्र होता. बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, हेही शेवटी शेवटी विचारायचे, घरात इस्त्री कोण करतंय म्हणून. आणि भर उन्हाळ्यात हातमोजे घालून बसायचे. सांगताना त्या हसल्या, मीही हसले.

१२ मार्च

सर आले. बाईंनी भोळेपणाने मत विचारायला बोलावलं. मी पुरावा मांडला. त्यांनी भिंग हातातसुद्धा घेतलं नाही. तुटक्या डाळिंबावर पंजा टेकवून बाईंना म्हणाले, पोरगी उत्साही आहे, फार मनावर घेऊ नका, हे काम उस्तादाचंच. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

तेवढ्यात चर्र झालं. फक्त मी ऐकलं. मग आवाज थांबला आणि सर किंचाळले.

त्यांच्या तळहातावर डाळिंब भाजलेलं होतं. मुकुटाचं मधलं टोक नव्हतं.

१३ मार्च

सरांची बोटं आता वळणार नाहीत म्हणे. लिहायचा हात. मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. जीव कसा थंड झाला. खोलीत जाऊन मी म्हटलं, झकास केलंस. वास आला, अगदी माझ्या डाव्या खांद्याजवळ. भीती वाटली नाही. आपलं माणूस वाटलं.

१७ मार्च

रंग जुळवायला मी कोऱ्या कातड्याचा तुकडा आणलाय. परवा त्यावर सोन्याचं एक अक्षर उमटलं होतं. आज नाव पुरं झालं. एका बाईचं नाव आहे! मी आपली ‘राबणारा, राबणारा’ म्हणत होते. अक्षरं इतकी सुबक की बघत राहावं. तिने माझा शब्द खरा मानलाय.

१९ मार्च

खूप विचार केला. या तुकड्याला पुरावा कोण म्हणेल? भुताने लिहून दिलं, असं छापू? लोक मला वेड्यात काढतील आणि सर भाजलेल्या हाताने टाळ्या पिटतील. कारागीर अज्ञात असेल तेव्हा त्याच्या कामाला नाव देण्याचा मान शोधणाऱ्याचा. बहुतेक जण ठशावरून नाव देतात. मी माझं आडनाव दिलं. यापुढे या पुस्तकांबद्दल बोलायचं तर सरांना माझं आडनाव उच्चारावं लागेल. प्रत्येक वेळी! मजकूर छापखान्यात गेला. ‘कारागीर अज्ञात.’

तुकडा खणात टाकला. तिने समजून घ्यावं. तिचं काम तर जगापुढे येतंय ना.

२१ मार्च

चर्र. सकाळपासून. स्वयंपाकघरात, जिन्यात, न्हाणीघरात. बाईंना ऐकू येत नाही. त्या म्हणाल्या, तुम्ही ह्यांच्यासारख्याच दिसायला लागलात.

२२ मार्च

टेबलावर डाळिंबं. खिडकीच्या चौकटीवर. उशीच्या अभ्र्यावर, डोकं टेकतं तिथे. छापखान्याला फोन केला, थांबवा म्हटलं, नाव बदलायचंय. पानं छापून बांधायला गेली म्हणाले. मी फोनवर रडले. ते म्हणाले, बाई, एवढं काय त्यात —

२३ मार्च

खण उघडला. तुकडा कोरा आहे.

नाव आठवत नाही. मी इथे रोजनिशीतसुद्धा लिहिलं नाही. बाईचं नाव आहे म्हणून टाळ्या पिटल्या, आणि नाव लिहिलं नाही — कसं सुचलं नाही मला — सरांपेक्षा मी वेगळी कुठे —

बाहेर पडायला गेले. दाराची मूठ तापलेली. उजवा तळवा —

तेच डाळिंब.

२४ मार्च

बाई बाहेरून हाका मारतायत. दार उघडत नाही.

डाव्या हाताने लिहितेय. मला डाव्याने लिहिता येत नाही. तरी अक्षर बघा — किती सुबक —

माफ कर. माफ कर. आठवते, थांब. शेवटी ‘आ’ होता. नाही, मध्ये —

चर्र चालू आहे. चालू आहे तोवर वेळ आहे. मानेजवळ. डावीकडून. आठवते, आठवलं की लगेच इथे लिहिते, मोठ्या अक्षरांत, तुझं — पहिलं अक्षर — हां, पहिलं अक्षर —

आवाज थांब