अविनाशनं सोडलेली केस

प्रिय अविनाश,
पिंपळगाव राजाहून तुया ताईचा आशीर्वाद.

तू फौजेच्या अपील कोर्टात न्यायाधीश झाला म्हणून बुलढाण्यात सत्कार झाला, अन् मंग तू माह्या घरी जेवाले आला. आमच्या शेजारचा मोतीराम फौजेत होता. डिझेल चोरीच्या खटल्यात त्याची नोकरी गेली, तेव्हा लष्कराचा वकील तूच होता. जेवता जेवता तू हळूच विचारलं, "ताई, मोतीरामनं अपील केलं म्हणे? त्याचा वकील कोण हाय?"

न्यायाधीशाले हे काऊन पायजे? मले नाव मालूम होतं, तरी मी म्हणली, "मले काय मालूम!"

अपील तुयासमोरच आलं. मी घाबरली. पण तू पहिल्याच तारखेले सांगितलं, "या खटल्यात मी वकील होतो, मी हा ऐकणार नाही." दुसऱ्या न्यायाधीशांनी मोतीरामच्या सोबत्याची साक्ष घेतली अन् मोतीराम निर्दोष सुटला. काल तो पेढे घेऊन आला. म्हणे, "ताई, साहेब देवमाणूस हाय."

पेढा माह्या हातातच राह्यला. तोच सोबती पहिल्या खटल्यातही साक्ष द्याले आला होता, पण त्याले दारातूनच परत पाठवलं, असं मोतीराम सांगत होता. कोणी पाठवलं, हे त्याले मालूम नाही. तुले मालूम असंल. तू केस सोडून बाजूले झाला, म्हणून तुले ते कोणी विचारलंच नाही.

मी विचारलं असतं. पण तू खरं सांगशील याचा मले भरोसा राह्यला नाही, म्हणून हे पत्र टाकत नाही.

तुयी ताई,
पुष्पांजली