ज्याची बाटली, तो शेवटी

प्रिय वन्सं,

हो, वन्संच. चार वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, पण नातं काही कोणी रद्द केलेलं नाही. अक्षर ओळखून तू हे पाकीट आधी टेबलावर टाकून दिलं असशील आणि मग न राहवून उघडलं असशील. मला तुझ्याकडून एका गोष्टीचं खरं उत्तर हवं आहे. कशाचं, ते शेवटी सांगते. आधी सांगितलं तर तू मधलं वाचायची नाहीस, आणि मधलं वाचल्याशिवाय मी तुलाच का विचारते आहे ते कळायचं नाही.

परवा आम्ही बुटकीच्या डोंगरावरच्या घरी गेलो. बुटकी म्हणजे माझी कॉन्व्हेंटमधली मैत्रीण. तिचा नवरा वैमानिक होता, आता निवृत्त होऊन बागेत उगाच खड्डे खणत असतो. कडाक्याच्या थंडीतला एक दिवस धरून जुनी बोर्दो, म्हणजे फ्रेंच लाल वाइन, उघडायची, हा नाद तुझ्या दादाने सगळ्यांना लावला. तो गेल्यावरही मंडळींनी मला वगळलं नाही. गाडी डॉक्टर चालवत होता. तोच, दादाचा मित्र, छातीचा डॉक्टर. मागच्या सीटवर मी, आणि माझ्या मांडीवर शालीत गुंडाळलेली बाटली. आमच्या लग्नाच्या वर्षीची. बारांपैकी शेवटची. गाळ तळाशी बसावा म्हणून दोन दिवस ती कपाटात उभी ठेवली होती, आणि वळणावळणावर मी तिला असं सावरत होते की डॉक्टर आरशात बघून म्हणाला, वहिनी, झोपलं का बाळ?

धुकं इतकं दाट होतं की एका वेळी दोनच झाडं दिसायची, तीही निष्पर्ण, पांढऱ्या दहिवराने काठाकाठाने आखलेली. ती सरली की पुढची दोन. हीटरच्या उबेत डोळे मिटायला लागले, आणि त्या अर्धवट झोपेत मला वाटलं की गाडी तुझा दादाच चालवतो आहे, मी तेहतीस वर्षांची आहे, आणि शेजारी तू बसून माझ्या नव्या कोटाला नावं ठेवते आहेस. तो कोट वाईटच होता म्हणा. सगळे छान छान म्हणाले होते, तू म्हणालीस, वहिनी, तू यात गुंडाळलेल्या गादीसारखी दिसतेस. मी आठ दिवस बोलले नाही, आणि नवव्या दिवशी कोट देऊन टाकला.

घरात शेकोटी पेटली होती. खिडकीबाहेर धुक्याला तिरपं, मधासारखं ऊन लागलं होतं. आधी वैमानिकाची बाटली उघडली. काय सांगू तुला. नुकत्याच टोक केलेल्या पेन्सिलीचा वास, मग जुन्या चामडी बॅगेचा, आणि बऱ्याच वेळाने, तळातून, काळ्या मनुकांचा. एकेक घोट घ्यायचा आणि पेला हातात धरून बाहेर बघत बसायचं. अर्धा तास पेले अर्धेच राहिले, कारण ते संपावेत असं कोणालाच वाटत नव्हतं. मला तर आपण सगळे त्या पेल्याच्या आत बसलो आहोत असं वाटत होतं, लाल काचेच्या घरात.

मग माझी. बूच भुसभुशीत झालं होतं, पण वैमानिकाने अख्खं काढलं. गाळ दिसावा म्हणून बाटलीखाली मेणबत्ती धरून, तो मानेशी यायच्या आत थांबून, चौघांना ओतलं. आमचा एक नियम आहे, तुझ्या दादाचाच: ज्याची बाटली, तो शेवटी बोलणार. म्हणजे मालकाचं तोंड बघून कोणी कौतुक करू नये. मी पेला नाकाशी नेला. वन्सं, तळघरात भिजून कुजलेल्या पुठ्ठ्याचा वास. दुसरं काही नाही. बूच बिघडलं की असंच होतं, त्याला कोणाचा इलाज नाही. मी पेला खाली ठेवला आणि नियमाप्रमाणे गप्प बसले. मनात म्हटलं, आता वैमानिक म्हणेल, गेली रे ही. मग सगळे हसू, आणि मी तुझ्या दादाच्या नावाने दोन शिव्या घालून मोकळी होईन.

वैमानिक म्हणाला, वा, काय भारदस्त आहे. बुटकी म्हणाली, किती नाजूक, किती मखमली, किती रेंगाळते जिभेवर. ज्या बाईला सर्दीतसुद्धा शेजारच्या घरचं करपलेलं कळतं, ती. आणि डॉक्टर थेट माझ्या डोळ्यांत बघून, शांतपणे, जराही न अडखळता म्हणाला, उत्तम आहे वहिनी, अजून दहा वर्षं टिकली असती. मी चौतीस वर्षं कोर्टात साक्षी टंकल्या. खोटं बोलणारा माणूस कसा बोलतो ते माझ्या बोटांना पाठ आहे. बुटकी आणि वैमानिक तर नवशिके साक्षीदार. पण डॉक्टरचं वाक्य मी कुठल्याही दिवशी खरं म्हणून टंकलं असतं.

माझी पाळी आली. मीही म्हटलं, छान आहे. मग तिघांनी ती औषधासारखी, तळापर्यंत, एका दमात संपवली. मला इतका संताप आला की शेकोटीजवळ बसून हात गार पडले. नवरा गेला की बाई काचेची होते का? पत्त्यांत मला जिंकू देतात तेही माझ्या लक्षात येतं. माझ्यावर माया आहे म्हणून करतात, कळतं मला. पण ही माया म्हणजे मऊ उशी तोंडावर दाबण्यासारखी आहे.

दादाला पोचवून आलो त्या दुपारी, घर माणसांनी भरलेलं असताना, तू मला स्वयंपाकघरात गाठून म्हणालीस, सहा महिने आधी मला त्याच्या छातीचा फोटो दाखवला असतास तर तो जगला असता. मी तुला दार दाखवलं. ते खरं होतं म्हणून दाखवलं. खोटं असतं तर दोन दिवस रडून विसरले असते.

आता ऐक. दोन महिन्यांपूर्वी खोकल्यासाठी माझ्या छातीचा फोटो काढला. त्यात उजवीकडे वर एक डाग आहे. डॉक्टर म्हणाला, जुना आहे, वहिनी, विसरून जा. थेट डोळ्यांत बघून, शांतपणे, जराही न अडखळता म्हणाला. परवापर्यंत मी विसरलेही होते. फोटो सोबत पाठवला आहे. तू हयातभर अंधाऱ्या खोलीत लोकांच्या छातीचे फोटो वाचलेस, हाही वाच. कोपऱ्यात माझं नाव आहे, त्यावर अंगठा ठेव आणि परक्या बाईचा वाचशील तसा वाच. जे असेल ते ठरव. मग अंगठा काढ, आणि मला फोन कर.

तुझीच,
वहिनी