वाटणात काय हाय?

महाबळेश्वर, ४ मे २०२५

चि. प्रियंका हिस,
ताईचे आशीर्वाद. फोनवर आपण दोघी भांडतो, म्हणून कागदच बरा.

आपल्या लॉजवर खंडाळ्याच्या संयोगिताबाई येणार हायत, सात वर्षांच्या लेकीला घेऊन. पोरीला शेंगदाणा चालत न्हाई. कणभर पोटात गेला तरी घसा सुजतो, श्वास अडकतो. कुठंबी गेली तरी बिचारी घरचाच डबा खाते. यंदा सगळ्यांच्या पंगतीला बसणार म्हणून हट्ट धरलाय तिनं. मी उत्साहाच्या भरात व्हय म्हणून बसले, आणि आता डोळ्याला डोळा लागत न्हाई.

आपल्याकडं कूट कशात नसतं गं? शेंगतेल बंद करून करडईचं आणलं. लाडू, चटणी कुलपात घातली. तू कॉम्प्युटरवर करून दिलेल्या जेवणाच्या प्रोग्रॅमला विचारलं, तर तो म्हणतोय आख्खा मसूर चालेल. त्याच्यावर भरवसा ठेवू का? पोरीच्या जिवाचा प्रश्न हाय. माझं मन राखायला जाऊ नको, खरं ते कळव.

तुझी,
मायाताई

*

सांगली, ८ मे

ती. मायाताईस,
शि. सा. न. भरवसा ठेवू नकोस. विचारलंस ते लय बरं केलंस.

हा प्रोग्रॅम जावा नावाच्या संगणकाच्या भाषेत लिहिलाय. त्यात जेवणाच्या यादीत पदार्थ, पदार्थात जिन्नस, आणि जिनसातही पुन्हा जिन्नस, अशा याद्यांच्या आत याद्या आहेत. तपासणी मात्र पहिल्या यादीच्या दारातच थांबत होती. आत जा, असं तिला प्रत्येक पायरीवर सांगावं लागतं. शिवाय जावात तयार नियम मिळतात ते रिकामं नको, फार लांब नको, असले. शेंगदाणा नको, असा नियम कोण तयार ठेवणार? तो मी स्वतः लिहिला. आता तो अगदी तळापर्यंत उतरतो.

एक अट मुद्दाम घातली. घरी केलेल्या जिनसात काय आहे ते लिहिलंच नसेल, तर शेंगदाणा नाही असं समजायचं नाही, सरळ अडवायचं. काही सापडलंच तर आधी प्रोग्रॅम नुसताच चूक आहे म्हणून ओरडायचा, आता नेमकी जागा दाखवतो. काल चालवला तर म्हणाला, आख्खा मसूर, त्यातलं वाटण, त्यातले जिन्नस रिकामे. वाटणात काय असतं ते स्वयंपाकघरात सुलाबाईंना नीट विचार बाई.

ताई, मी काय, खुर्चीत बसून नियम लिहिते. दुसऱ्याच्या लेकीसाठी झोप घालवायला तुझंच काळीज लागतं. लोभ आहेच, तो असाच असू दे.

तुझी,
पियू

*

महाबळेश्वर, १९ मे

चि. पियूस,
पोटभर आशीर्वाद. सुलाबाई आपल्या स्वयंपाकीण असल्या तरी चुलीपुढं मालकीणच. आधी भडकल्याच. वाटणात वाटणच असतंय, त्यात काय लिवायचं, म्हणाल्या. मग खोबरं, कांदा, लसूण, तीळ सांगता सांगता थांबल्या आणि तोंडावर हात ठेवला. वाटण दाट व्हावं म्हणून भाजलेल्या शेंगदाण्याची मूठ त्या कायम टाकत्यात. मिठासारखंच ते, कोण कशाला सांगतंय!

जुनं वाटण फेकलं, भांडी नवी आणली, मिक्सर नवा. सुलाबाईंनी शेंगदाण्याबिगर वाटण केलं, मी एकेक जिन्नस भरला, तवा कुठं तुझा नियम गप्प झाला. संयोगिताबाईंना सगळं वाचून दाखवलं. तरी त्यांनी श्वास अडकला तर द्यायचं इंजेक्शन हाताशीच ठेवलं, आणि ठेवावंच.

पोरगी पंगतीत बसली गं! मसूर मागून मागून खाल्ला, शेजारच्या पोरांशी पापडावरनं भांडली. आई मात्र तिच्या तोंडाकडं बघत बसायची, स्वतःचं ताट गार व्हायचं. मला ते बघवत नव्हतं.

काल निघायच्या आधी जेवताना सुलाबाईंनी त्यांना गरम भाकरी वाढली आणि दोघी गप्पांत रंगल्या. बाई पोरीकडं पाठ करून पोटभर जेवल्या. हात धुताना मागं वळून बघितलं, तवा त्यांच्या ध्यानात आलं, इतका वेळ आपण लेकीच्या ताटाकडं बघितलंच न्हाई. तिथंच उभ्या राहून रडल्या.

कुणी केलं हे, म्हणून विचारत होत्या. माझ्या धाकट्या बहिणीनं, म्हटलं. जीव लावतीस तसाच लाव.

तुझी,
मायाताई