दोन्ही एकदमच बंद करायचे

सोम. १० मार्च
साहेबांनी ठरवून टाकलं. सर्व्हर-रूम येत्या रविवारी हॉस्पिटलच्या नव्या इमारतीत हलवायची. त्या दिवशी ओपीडी नसते. रुग्णांची माहिती ज्या मशिनींवर आहे त्यांच्यावर देखरेख करणारे दोन सर्व्हर, एक आमचा, एक गडहिंग्लज शाखेचा. एकमेकांना जोडलेले, इकडचा बदल तिकडं लगेच कळतो. जोडणी आमचे सीनियर मुल्लासर यांनी केलेली. त्यांनाच विचारायला हवं. पाय फार दुखतायत.

बुध. १२
सरांकडं गेलते. स्ट्रोकनंतर पाच महिने घरीच. उजवा हात अजून धड चालत नाही. तरी डाव्या हातानं पानभर क्रम लिहून ठेवलेला, काय आधी बंद करायचं, काय नंतर. म्हणाले, "सुजाता, ह्याच्यापरमाणं जा. काय होत न्हाय." भाभींनी चहा केला. त्या माझ्याकडंच बघत होत्या.

गुरु. १३
पान चारदा वाचलं. चूक आहे. आधी आमचा बंद, त्याची प्रत, परत चालू, मग गडहिंग्लजचा, असं लिहिलंय. दोन्ही एकदम बंद पाहिजेत, तेव्हाच प्रती घ्यायच्या. नाहीतर पुढं प्रत वापरायची वेळ आली तर एक जुनं सांगणार, दुसरा नवं. हे मला सरांनीच शिकवलेलं. आणि तेच...
फोन उचलला, ठेवला.

शनि. १५
साहेबांनी विचारलं, मुल्लांचं पान मिळालं ना? मिळालं म्हटलं. मी एवढंच बोलले. माझा क्रम वेगळ्या कागदावर लिहिला.

रवि. १६
सकाळी आठला गडहिंग्लजहून महांतेशचा फोन, "मॅडम, आमचं बंद झालंय बघा. आता तुमचं घ्या." घेतलं. माझ्या कागदाप्रमाणं, दोन्ही बंद असतानाच प्रती घेतल्या. मशिनींचा रॅक लिफ्टमध्ये मावेना, मशिनी सुट्ट्या करून गादीवरून नेल्या. डायलिसिसच्या सिस्टर तीनदा विचारून गेल्या, त्यांचं सगळं कागदावर चाललेलं. दुपारी तीनला दोन्ही चालू. एकमेकांना ओळखेनात. वीस मिनिटं नुसती बघत बसले. आमच्या सर्व्हरमधलं घड्याळ मागं पडलं होतं. ते नीट केल्यावर गडहिंग्लज दिसलं. रडू आलं. जेवायचं राहूनच गेलं.

मंगळ. १८
सरांना पुढच्या महिन्यात परत रुजू व्हायचंय. साहेब म्हणतात, रविवारचं काम त्यांच्या पानावरच झालं, तेवढं तू लिहून दे, सर अजून काम करू शकतात हे वरच्यांना दाखवता येईल. कोरा कागद घेऊन बसले. खोटं लिहिलं तर पुढच्या वेळी सर्व्हरसमोर सर एकटे असतील. खरं लिहिलं तर ते घरीच बसणार. अठ्ठावन्न वय.

बुध. १९
रंगपंचमी. बाहेर नुसता दंगा. अकराला सरांचा फोन. आधी काम कसं झालं ते विचारलं, मग म्हणाले, "पानात काय चुकलं न्हवतं न्हवं? खरं सांग."
म्हटलं, संध्याकाळी घरी येते, बसून बोलू.
मागं भाभींचा आवाज येत होता. मग म्हणाले, "ये."
साहेबांना अजून काही लिहून दिलेलं नाही.