पासवर्डातला 'शे'

गुरुवार, १९ जून २००८, नाशिक

आज कारखान्यात दुपारपासून वीज नव्हती, आणि परदेशातल्या गिऱ्हाइकाचा ड्रॉइंगचा मेल नेमका तेव्हाच आला. मेल कुलूपबंद, म्हणजे पासवर्ड टाकल्याशिवाय नुसती अक्षरांची खिचडी. पाचच्या आत उत्तर गेलं नसतं तर काम दुसरीकडे गेलं असतं. असा मेल मोबाईलवर उघडायची सोय मीच महिन्याभरापूर्वी करून ठेवली होती. साहेब तेव्हा म्हणाले होते, "कशाला हवंय हे?"

बारीक बटणं दाबत पासवर्ड म्हणून अख्खं वाक्य टाकलं. शेजारच्या टेबलावरचा मंदार मागून डोकावत होता. माझ्या तोंडून चुकून 'शे' निघाला की हसतो तोच हा. म्हणाला, "काय टाकतेयस, काही कळत नाही."

"म्हणूनच टाकलंय," मी म्हटलं.

मेल उघडला. पावणेपाचला उत्तर गेलं. साहेबांनी चहा स्वतः आणून दिला.

पासवर्ड म्हणजे आईचं एक वाक्य. आमच्या सटाण्याकडच्या अहिराणीतलं, शेवटी 'शे', म्हणजे 'आहे'. नाशिकला कॉलेजात आल्यावर हाच 'शे' मी जिभेवरून घासून काढला होता. कोणासाठी, कोण जाणे. वाक्य मात्र इथं लिहिणार नाही, रोजनिशीतसुद्धा नाही.

घरी आल्यावर आईला फोन केला. पासवर्डाचं बोलले नाही. फोन ठेवताना ती नेहमीसारखं तेच वाक्य म्हणाली, खणखणीत आवाजात. कारखान्याचं सगळ्यात मोठं गुपित, आणि ती अख्ख्या गल्लीला ऐकवत होती.