बाकावर बसलेली सानिका

मंगळवार, एप्रिलअखेर. वसई.

आज अगदी गळून गेलेय. दिवसभर मुलांसमोर 'क' म्हणून म्हणून माझाच घसा बसला. पण डोक्यातून जात नाही ती माझ्या स्पीच थेरपी क्लिनिकबाहेरच्या बाकावर बसलेली सानिका.

ती नऊ वर्षांची. तिची धाकटी बहीण ईरा 'क'ला 'त' म्हणते, 'र'ला 'ल'. ईराला काही विचारलं की उत्तर सानिकाच देते. घरीही तसंच. म्हणून आज तिला बाहेर बसवलं. "मग ती काय बोलते ते तुम्हाला कळणार कसं?" तिने विचारलं. मी हसले. हसायला नको होतं.

आत ईराच्या जिभेचं टोक चमच्याने खाली धरलं, तेव्हा एकदा स्वच्छ 'क' निघाला. तिचं तिलाच नवल वाटलं.

निघताना दाराशी बसलेल्या टोपलीवाल्या मावशींकडे बघून ईरा आईला म्हणाली, "मला तैली."

आईने सवयीने सानिकाकडे पाहिलं. "काय म्हणतेय गं ही?"

सानिका माझ्याकडे बघत म्हणाली, "तिलाच विचार."

ईरा गोंधळली. मग म्हणाली, "आंबट तैली. मीठ लावून."

आईने कैरी घेतली.

मला हेच तर हवं होतं ना? मग बरं का वाटलं नाही? सानिका बहिणीचा हात न धरता रिक्षाकडे चालत गेली.

पुढच्या वेळी तिला आत घेईन, ईरासमोर आरसा धरायला. बोलायचं मात्र ईरानेच. हे सानिकाला कसं सांगायचं, ते अजून सुचलेलं नाही.